उजवा खिसा रिकामा होईपर्यंत

डोंगर चढायला आलेल्या माणसाला नाव-गाव न विचारता थेट "घरी कोन हाय?" असं विचारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मला विचारलं तेव्हा तर मी भांडायलाच उठले होते.

वनरक्षक म्हणून माझी कर्जतला बदली झाली तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. मी माणदेशची. आमच्याकडचे डोंगर बोडके, कुठूनही चढा, कुठूनही उतरा, चुकायचा प्रश्नच नाही. इथं गवत डोक्याच्या वर, कारवीचं रान दाट, आणि कातळ कधी पायाखाली येईल सांगता येत नाही. माझा गणवेश नवा होता, बूट नवे होते. तोंड तेवढं जुनंच होतं, फटकळ. दहिवलीला भाड्याची खोली घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी काढून कशेळ्याच्या पुढं आत वळले. तिथं आवळीचा डोंगर आहे. वर मोठं पठार, पठारावर पाण्याचं टाकं आणि देवीची घुमटी. शनिवार-रविवारी कल्याण-बदलापूरकडून माणसांची रीघ लागते, इतर दिवशी कर्जतचे पाच-दहा हौशी येतात. वर जायची पायवाट सगळ्यांसाठी खुली आहे. ती नीट ठेवायची, तिच्यावर गस्त घालायची आणि हिवाळ्यात गवत वाळलं की आगीपासून डोंगर सांभाळायचा, हे माझं काम.

पायथ्याच्या चिंचेखाली एका दगडावर साठीकडे झुकलेला एक माणूस बसला होता. खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, कमरेला कोयता. मी त्याच्यासमोरून वाटेला लागले.

"घरी कोन हाय?" त्यानं विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? तुम्हाला काय करायचंय?"

"नाय, येळ झाला तर कोन काळजी करंल?"

"मी वनरक्षक आहे. इथली नवीन."

"मंग तर इचारायलाच पायजे," तो म्हणाला. जागचा हलला नाही, उठून उभाही राहिला नाही.

मी म्हटलं, "आई आहे. साताऱ्याकडं."

"लांब हाय," असं म्हणून त्यानं मान हलवली आणि शर्टाच्या उजव्या खिशात काहीतरी टाकलं. दुपारी मी खाली आले तेव्हा तो वाटेच्या शेवटच्या वळणावर दगड बसवत होता. मला बघून त्यानं उजव्या खिशातून एक चिंचोका काढला, डाव्यात टाकला आणि पुन्हा कामाला लागला. मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी डोक्यानं सटकलेला माणूस भेटला.

ते कमळूमामा. आमच्या खात्यातले जुने वनमजूर. त्यांच्याबरोबर मी सहा हिवाळे काढले, आणि वाट म्हणजे काय असते ते त्यातल्या पहिल्या पाचांत शिकले. सहाव्यात जे शिकले ते शिकले नसते तर बरं झालं असतं.

आपल्याला वाटतं, डोंगरातली वाट म्हणजे माणसं चालून-चालून आपोआप पडते. मामांच्या मते वाट दर वर्षी नव्यानं पाडावी लागते. पावसाळा सगळं उखडून टाकतो. दसरा झाला की मामा खालून सुरुवात करायचे. एकेक दगडावर पाय ठेवून बघायचे. हलला, की त्याच्याखाली कपच्या ठोकून बसवायचे. "ह्यो लबाड हाय," असं एखाद्या दगडाबद्दल म्हणायचे, "दिसतो कसा बसल्यासारखा, आन पाय दिला का पळतो." त्या लबाडाला दोन-दोन तास द्यायचे. मी घाई केली की म्हणायचे, "तुजं चालू दे म्याडम, तू फुडं हो." पुढं जाऊन मी काय करणार होते? बसायचे तिथंच.

पहिल्या हिवाळ्यात मी माझी हुशारी चालवली. मामांची वाट जेमतेम दोन पावलं रुंद होती. मला वाटलं, एवढी माणसं येतात, जरा ऐसपैस करावी. सहा मजूर लावले आणि मधला टप्पा चांगला बैलगाडी जाईल एवढा रुंद केला. मामा एक शब्द बोलले नाहीत. पहिल्याच रविवारी त्या टप्प्यावर दोघांचे पाय मुरगळले. शेजारीशेजारी चालत, गप्पा मारत, खाली न बघता चालले होते. पुढच्या पावसात तो टप्पा ओढ्यासारखा वाहून गेला. दिवाळीनंतर मामांनी मुकाट्यानं तो परत दोन पावलांचा केला. कडेनं गवताचे ठोंब लावले. "रुंद वाटंवरनं पानी चालतं, मान्सं नाय," एवढंच म्हणाले, तेही मी विचारलं म्हणून.

दिशा दाखवणारे बाण ते चुन्यानं काढायचे. झाडावर नाही, पायाजवळच्या दगडावर. आम्ही झाडांना छान पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. त्यांच्याकडे मामा पाहुण्यांकडे पाहावं तसं पाहायचे. "दमलेला मानूस पाय बघतो बाय, आभाळ नाय बघत," हे त्यांचं म्हणणं. मी एकदा मुद्दाम पाळत ठेवली. वीस जण पाटीखालून गेले, एकानंही मान वर केली नाही. तेव्हापासून चुन्याची बादली मीच धरायला लागले.

आणि हो, मी 'म्याडम'ची 'बाय' कधी झाले, ते मला आठवत नाही. बहुतेक एक दगड उचलताना माझं बोट चेंगरलं आणि मी शिवी दिली त्या दिवशी.

चिंचोक्यांचं प्रकरण मला मंजुळामामींनी सांगितलं. मामी म्हणजे मामांच्या कारभारीण. आवाज एवढा खणखणीत की पायथ्याच्या घरातून हाक मारली तर दुसऱ्या वळणावर ऐकू यावी. मी चहाला गेले होते. धुण्याच्या दगडापाशी चिंचेचं वीतभर रोप उगवलेलं दिसलं.

"ते तुज्या मामांच्या खिशातलं," मामी म्हणाल्या. "शर्ट धुवून-धुवून माजं धुन्याचं रान झालं. सांगून दमले, दगडं ठेवा, नाय तर कागुद-पेन घ्या. ऐकल तर ना."

हिशेब साधा होता. सकाळी जो कोणी वर जाईल त्याचा एक चिंचोका उजव्या खिशात. तो खाली आला की त्याचा चिंचोका डाव्या खिशात. रविवारी खिसे पुरायचे नाहीत, तेव्हा दोन पिशव्या. या बाजूची वाट एकच आणि तीही दोन पावलांची, त्यामुळं एकेक माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरूनच जायचा. वाट अरुंद ठेवण्याचं खरं कारण हेच असावं असं मला कधीकधी वाटतं. दहा वाजता शेवटचा गट वर गेला की मामा मागोमाग काम करत चढायचे, आणि उतरणारा प्रत्येक जण त्यांना भेटायचाच. उजवा खिसा रिकामा होईपर्यंत मामा घरी जायचे नाहीत. मग सहा वाजोत, नाहीतर सात.

"पन हे कशापायी?" मी विचारलं. इथल्या माणसांशी बोलताना माझी भाषा थोडी इकडची व्हायची.

मामींनी चुलीत लाकूड सरकवलं. "त्यांनाच इचार," म्हणाल्या. "मला सांगताना पन त्यांना तरास होतो."

विचारायला मला दुसरा हिवाळा लागला. जानेवारी होता. साग आणि ऐनाचा पाला गळून चढावर साचला होता. वाळका पाला म्हणजे पायाखाली साबण. कारवीच्या काड्यांच्या झाडूनं आम्ही दोघं तो लोटत होतो. मामा एका जागी थांबले आणि डावीकडच्या कड्याकडे झाडूनं दाखवलं.

"तितं खाली एक मास्तर सापडला व्हता."

शाळेचे मास्तर. पक्षी बघायला एकटेच आले होते, गळ्यात दुर्बीण. मामा तेव्हा खालच्या अंगाला गवत कापत होते. मास्तरांनी राम राम केला, मामांनीही केला. मग मामा आपल्या कामात. संध्याकाळी घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांची बायको भावाला घेऊन शोधत आली.

"पाय मोडला व्हता," मामा म्हणाले. "लगेच न्हवता गेला तो. एक दिस तरी व्हता. मी खालनं जात व्हतो बाय. रोज जात व्हतो."

मी झाडू खाली ठेवला. 

"त्याच्या बायकोनं इचारलं, 'तुम्हाला दिसले होते का?' मी म्हनलं, हो, राम राम केला. ती म्हनली, 'मग परत आले नाहीत हे तुमच्या लक्षात नाही आलं?' रागानं नाय गं इचारलं. रागानं इचारलं असतं तर बरं झालं असतं."

मग त्यांनी झाडू घेतला आणि पाला लोटायला लागले. त्या दिवसापासून 'घरी कोन हाय?' हा प्रश्न ऐकून कोणी हसलं की मला राग यायचा. हसणारे पुष्कळ असायचे.

मामा कडक नव्हते, हे मात्र सांगितलं पाहिजे. मी होते. एकदा डिसेंबरात पठारावर पाच-सहा पोरापोरींचा घोळका शेकोटीची तयारी करताना मला सापडला. गवत चुरचुरत होतं, वारा सुटला होता, आणि हे दीडशहाणे काटक्या रचून बसलेले. मी पावती-पुस्तक काढलं, आवाज चढवला. एक पोरगी रडायला लागली. तेवढ्यात मामा धापा टाकत आले. काटक्यांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

"थंडी वाजती?"

"हो काका," पोरगी नाक पुसत म्हणाली.

"मंग हितं कशाला जाळताव? चला खाली. माज्या शेतात वाल हाय. पोपटी लावू."

मी कपाळाला हात लावला. पण गेलो सगळे. खाली मामांच्या नांगरलेल्या तुकड्यात, जिथं गवताची काडी नव्हती, मडकं उलटं घातलं. आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. वरून पेंढा पेटवला. पोरं भोवती बसून हात शेकत होती. शेंगा सोलताना मामांनी त्यांना, जणू गोष्ट सांगतोय अशा बेतानं, सांगितलं की वर पेटलेली काडी अर्ध्या तासात डोंगराच्या पलीकडं जाते, आणि सशाची पिल्लं पळू शकत नाहीत. माझ्या दंडानं जे झालं नसतं ते झालं. ती पोरं पुढं दर डिसेंबरात यायला लागली, जाळरेषा काढायला. म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत छाटून डोंगराला उभी मोकळी पट्टी पाडतात ना, ते काम. रडणारी पोरगी सगळ्यात चांगला कोयता चालवायची.

आता मामांच्या कविताला बघायला पाहुणे आले, त्याची गोष्ट. ती गावभर अजून सांगतात.

कविता मामांची एकुलती एक लेक. खालापूरकडचं स्थळ. पाहुणे शनिवारी संध्याकाळी पाचला येणार होते. मामींनी आठवडाभर आधी घर सारवलं, मामांना नवा सदरा आणला आणि दहादा बजावलं. मीही बजावलं, "मामा, चारला घरी जा. मी थांबते." मामा "हो, हो" म्हणाले. साडेचारला सगळे उतरले, आणि उजव्या खिशात दोन चिंचोके उरले. कल्याणचं एक जोडपं. सकाळी "चारपर्यंत येतो" म्हणून गेलेलं.

"मी आहे ना इथं," मी म्हणाले. "तुम्ही जा."

"जातो गं," म्हणाले आणि हलले नाहीत. दोन पावलं घराकडे टाकायचे, मान वळवून वर बघायचे, परत यायचे. मला रागही येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. पाच वाजले. घरासमोर जीप थांबलेली आम्हाला दिसली. मामींची हाक आली. मग दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी. मामा दगडावर बसून राहिले, नव्या सदऱ्यात.

थोड्या वेळानं मुलाचा बाप स्वतःच शेताच्या बांधावरून चालत आला. पांढरी टोपी, मोठं पोट, भाताच्या गिरणीचा मालक. मी मनात म्हटलं, आता संपलं.

"मुलीचा बाप कुठंय विचारलं, तर म्हणाले, डोंगराखाली बसलाय," तो म्हणाला. "म्हटलं बघून तरी येऊ."

मामा उभे राहिले, हात जोडले. "दोन मान्सं वर हायेत पावनं. माफी करा."

"तुमच्या नात्यातली?"

"नाय. कल्यानची."

 पाहुणा शेजारच्या दगडावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्या जोडप्यानं सकाळी दिलेला फोन नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. सहाला लागला. ती दोघं पलीकडच्या बाजूनं उतरून केव्हाच घरी पोचली होती. "अरे हो, तुम्हाला सांगायचं राहिलं," बाई म्हणाली. मी तिला काय-काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामांनी मात्र नुसता श्वास सोडला. "घरी हायेत ना? मंग झालं." दोन्ही चिंचोके डाव्या खिशात गेले.

घराकडे जाताना पाहुणा माझ्या शेजारून चालत होता. "मुलगी बघितली नाही अजून," तो हळूच म्हणाला, "पण मला वाटतं जमलं." जमलंच. कविता आज खालापूरला सुखात आहे. सासरा तिला "डोंगरवाल्याची लेक" म्हणतो.

पाचव्या हिवाळ्यात मामांना दम लागायला लागला. आधी मला कळलंच नाही. लबाड दगड सापडला की ते पूर्वीही बसायचेच. मग लबाड दगड फार सापडायला लागले. मी जबरदस्तीनं त्यांना कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची ताकद निम्म्यावर आलीय, चढ अजिबात चढायचा नाही, डॉक्टर म्हणाले. मामींनी देवापुढं दिवा लावून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मी त्यांचं काम पायथ्याशी लावून दिलं; चिंचेखाली बसायचं, माणसं मोजायची, बस. त्यांनी ऐकलं. वरून येणाऱ्या प्रत्येकाला मात्र खोदून-खोदून विचारायचे: तिसऱ्या वळणावरचा दगड हलतो का, बाण पुसलेत का, पाला किती साचलाय. अख्खी वाट ते खाली बसून चालायचे. एवढं काम राहू द्यावं, माणसं खाली येताना बघता यावीत, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मी पुरवू शकत होते म्हणून मी स्वतःवर खूश होते.

सहाव्या हिवाळ्यातला फेब्रुवारी. गुरुवार होता, डोंगरावर कोणीच नव्हतं. जाळरेषा बघायला मी नऊ वाजता वर निघाले.

"आज तू येकलीच," मामा म्हणाले आणि चिंचोका खिशात टाकला. "घरी कोन हाय?" हा आमचा रोजचा खेळ होता.

"तुम्ही," मी म्हणाले.

बारा वाजता पठारावरून पलीकडच्या उतारावर धूर दिसला. मी धावतच उतरले. पलीकडच्या वाडीतली चार-पाच माणसं आधीच पोचली होती. हिरव्या फांद्यांनी झोडपून-झोडपून आग विझवायला अडीच तास गेले. हातावर फोड, डोळ्यांत राख, फोन कधीच मेलेला. खालच्या रस्त्यावर जीप मिळाली, तिनं कशेळ्याला सोडलं. तिथं हॉटेलात फोन चार्जिंगला लावला आणि मी वडापाव मागवला. दोन खाल्ले. चहा घेतला. आग विझवली म्हणून चार लोक कौतुक करत होते, तेही ऐकून घेतलं.

पाच वर्षं मी प्रत्येक येणाऱ्याला दरडावत आले होते, पलीकडून उतरणार असाल तर मामांना कळवा. त्या कल्याणच्या बाईला मी काय-काय बोलले होते. आणि मी तिथं बसून चहा पीत होते.

फोन सुरू झाला तसा वाजला. मामी.

"बाय, कुठं हायस गं तू?"

"कशेळ्याला."

 मग मामींचा तो खणखणीत आवाज अगदी बारीक होऊन आला. "ते वर गेलंत. धूर दिसला, तू आली नायस. मी पाय धरले गं. एक चिंचोका ऱ्हायलाय म्हनले, आन गेले."

मी कोणाची मोटरसायकल घेतली, आजही सांगता येणार नाही. पायथ्याला पोचले तेव्हा उन्हं डोंगराच्या शेंड्यावर गेली होती. मामींनी शेजारचे चौघं शेतातून बोलावून आणले होते, घोंगडी आणि बांबू घेऊन. आम्ही चढायला लागलो. मी हाका मारत होते. दुसऱ्या वळणाच्या पुढं गेल्यावर वरून आवाज आला. टक. टक. मग शांतता. पुन्हा टक, टक.

मामा तिसऱ्या वळणावर एका खडकाला टेकून बसले होते. हाक मारायला छातीत हवा नव्हती, म्हणून कोयत्याची पाठ दगडावर आपटत होते आणि मध्ये थांबून मी ओ देते का ते ऐकत होते. ओठ काळेनिळे पडलेले. तोंड वरच्या बाजूला होतं, मी वरूनच येईन म्हणून वाट बघत होते. मी खालून समोर आले तेव्हा त्यांना काही उमगेना.

"तू... खालनं कशी आलीस गं?"

"मामा, मी पलीकडून उतरले. तुम्हाला सांगायचं राहिलं." तेच शब्द. माझ्या तोंडून तेच शब्द निघाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हाताकडे, तोंडावरच्या राखेकडे. "आग इझली?"

"विझली."

"कोनाला भाजलं?"

"नाही."

"जेवलीस?"

 मी त्यांच्या पायांपाशी बसून लहान पोरीसारखी रडले. चौघं घोंगडीची झोळी बांधत होते, त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

मामांनी मला कधी बोल लावला नाही. त्या दिवशी नाही, नंतर दवाखान्यात नाही, घरी अंथरुणावर पडून काढलेल्या तीन-चार महिन्यांत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला ते गेले. तोवर मी रोज जायचे. मामी मला रोज चहा द्यायच्या, आणि तो मला जायचा नाही. ते आजारीच होते, कधीतरी हे व्हायचंच होतं, असं सगळे सांगतात. कविताही सांगते. मला ठाऊक आहे ते माझ्यामुळं चढले. हे मी कोणापुढं लपवत नाही, आणि कोणी समजूत घातलेली मला आवडत नाही.

पण डोळे मिटले की मला अंथरुणातले मामा दिसत नाहीत. दिसतात ते त्या संध्याकाळी उतरतानाचे.

झोळीत घालून आम्ही त्यांना खाली आणत होतो. दोघं पुढं, दोघं मागं, सगळ्यांत शेवटी बॅटरी घेऊन मी. अजून पुरता काळोख पडला नव्हता. मामा सारखे मान उचलून मागं बघत होते. मला वाटलं, दुखतंय. "पडून राहा मामा," मी म्हणाले. ते तरीही मागं बघत राहिले. वाट संपायला दहा पावलं उरली, खाली मामी कंदील घेऊन उभ्या दिसल्या, तसा त्यांनी बांबूवर हात आपटला.

"थांबा. मला उतरवा."

"मामा, आलंच की आता," पुढचा म्हणाला.

"उतरवा म्हनतो ना."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्या चौघांनी झोळी खाली ठेवली. मामा माझ्या दंडाला धरून उठले, वाटेच्या कडेच्या खडकाला एका हातानं टेकले आणि दुसऱ्या हातानं आम्हाला पुढं व्हायची खूण केली. त्यांच्या मागं डोंगरावर माणसं ठेवून ते खाली जाणार नव्हते. मग आम्ही त्यांच्यासमोरून निघालो. दोन पावलांच्या वाटेवरून, एका मागं एक. ते जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते. झोळीवाले चौघं उतरले. शेवटी मी. माझ्या खांद्यावर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला.

"आग लागल्यावर कोनाच्या ध्यानात ऱ्हातंय," ते म्हणाले. मग थोडा दम घेऊन, "पन फुडल्या बारीला सांग."

मी खाली सपाटीवर मामींजवळ जाऊन उभी राहिले. आम्ही सगळे उतरलेलो दिसल्यावर कमळूमामांनी वळून वरच्या वाटेवर एकदा नीट नजर टाकली, आणि मग कोणाचा हात न धरता, सावकाश, सगळ्यांत शेवटी खाली आले.